आपल्या गोधड्यांची वही



पंचसूत्री आपल्याला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवं म्हणजे नियमित हिशोब लेखन. दहा रुपये दंड झाला तरी तो गटाच्या वहीत चढतो. पण त्याच बैठकीला आपण ज्या गोधडीवर बसतो, ती कोणी शिवली, कोणत्या साली शिवली, किती दिवस लागले, हे कुठे लिहिलेलं आहे? कुठेच नाही. या वेळचा पाठ त्याच वहीचा आहे. तुमच्याकडे वाकळ म्हणत असतील तर वाकळेची वही म्हणा.

मला हे शहाणपण एक ऑर्डर बुडाल्यावर आलं. एका प्रदर्शनात शहरातल्या एका ताईंनी माझी गोधडी घेतली. वर्षभराने त्यांचा फोन आला, "तश्शाच अजून दोन पाहिजेत, माप तेच ठेवा." आता माप आठवतंय कुणाला? आत किती साड्या घातल्या होत्या, किंमत काय सांगितली होती, काहीच लक्षात नाही. अंदाजाने शिवल्या. दोन्ही वीतभर आखूड निघाल्या आणि परत आल्या. त्या ताईंची चूक नव्हती. दोन महिन्यांची मेहनत घरात पडून राहिली, आता पोरं पांघरतात.

तर वही कशी करायची? शंभर पानी साधी वही घ्या आणि एका गोधडीला एक पान द्या. पानावर वर क्रमांक टाका. शिवायला बसाल त्याच दिवशी पान उघडा, गोधडी झाल्यावर लिहू म्हणालात तर ते राहूनच जातं. सुरू केल्याची तारीख, लांबी-रुंदी, वरचं कापड कोणतं, अस्तर कोणतं, आत किती थर, दोरा कसला आणि किती रिळं, एवढं पहिल्या दिवशी लिहून होतं. माप हातात आणि वितीत घेत असाल तर घ्या, पण शेजारी फुटातही लिहा. तुमचा हात आणि माझा हात सारखा नसतो, गिऱ्हाईकाचा तर नसतोच.

साडी कोणाची, तेही लिहा. आजेसासूबाईंचं नऊवारी, लेकीच्या बारशाची साडी, फाटलेलं धोतर. त्या कापडाचा दोन बोटांचा तुकडा पानावर टाचून ठेवा. पुढे कधी तसंच कापड आणायचं झालं तर दुकानात वहीच दाखवता येते.

आता वेळ. इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपण सगळ्या इथेच फसतो. "दुपारी रिकाम्या वेळात शिवली" असं आपण म्हणतो आणि वेळेचे पैसे धरतच नाही. घड्याळ बघून जितके तास बसलात तितक्या उभ्या रेघा पानावर ओढा. रोज मोजू नका, नुसत्या ओढत जा. गोधडी झाली की एकदाच मोजा.

समजा, रोज दुपारी दोन तास असे ३६ दिवस बसलात. झाले ७२ तास. अस्तराचं कापड, दोरा, सुया मिळून ३५० रुपये गेले. गोधडी ११०० रुपयांना विकली. हातात राहिले ७५०. म्हणजे तासाला साडेदहा रुपयेसुद्धा नाहीत. आठ तासांचा रोज धरला तर ७२ तासांचे नऊ रोज होतात आणि एका रोजाला पडले ८३ रुपये. तुमच्या गावात खुरपणीला बाईला काय रोज मिळतो, तो शेजारी लिहून बघा. शिवाय घरच्या जुन्या साड्या आपण फुकटच धरल्या! भांडीवालीला दिल्या असत्या तर एखादं पातेलं तरी आलं असतं की.

हा हिशोब बघून काही जणी म्हणतील, मग शिवूच नये का? तसं माझं म्हणणं नाही. घरच्या माणसासाठी शिवलेल्या गोधडीला तासाचा भाव लावायचा नसतो. पण विकायला बसलात तर किंमत सांगताना वहीचं पान समोर असू द्या. गिऱ्हाईक म्हणतं, "जुन्या कपड्यांचे एवढे पैसे?" तेव्हा रेघा दाखवता येतात. सगळे ऐकतात असं नाही, पण आपल्या तोंडून निदान चाचरत भाव निघत नाही.

पानाच्या खालच्या बाजूला "काय चुकलं" याला जागा ठेवा. माझ्या वहीतलं सगळ्यात कामाचं तेच आहे. मांजरपाट न भिजवता लावला, पहिल्या धुण्यात आटला आणि गोधडीला चुण्या पडल्या. लाल काठाचा रंग पांढऱ्यावर उतरला. कच्चे टाके न घालता शिवायला घेतली, मधले थर सरकले. नायलॉनची साडी वर घेतली, ती सुईखाली घसरत राहिली आणि उन्हाळ्यात घामही टिपत नाही. एकदा लिहिलं की तीच चूक पुन्हा करताना हात थांबतो.

गोधडी कोणाला दिली, किती रुपयांना, पैसे पूर्ण आले की बाकी आहेत, हे शेवटी लिहा. देण्याआधी उजेडात फोटो काढा. एक पूर्ण गोधडीचा, एक जवळून टाक्यांचा आणि एक मागच्या बाजूचा. फोटोत वहीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा, नाहीतर मोबाईलमध्ये सगळ्या गोधड्या एकसारख्या दिसतात.

आणि गोधडीवर स्वतःचं नाव घाला. मागच्या कोपऱ्यात चार बोटांचा पांढरा तुकडा लावून त्यावर नाव, गाव, साल आणि क्रमांक दोऱ्याने भरा. पेनाने लिहू नका, धुण्यात जातं. नाव कशाला, असं वाटेल. म्हणून दूरदेशीच्या एका बाईची हकीकत सांगते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची बाई होती. जन्म १८३७ चा, गुलामगिरीतला. बायबलमधल्या गोष्टी तिने कापडाचे तुकडे जोडून गोधडीवर मांडल्या. १८८६ साली ती गोधडी एका प्रदर्शनात लागली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती विकत मागितली, पण हॅरिएट देईना. पुढे घरात तंगी आली. तिने १० डॉलर मागितले, मिळाले ५. मात्र गोधडी देताना तिने एकेका चौकोनाचा अर्थ सांगितला आणि जेनीबाईंनी तो लिहून घेतला. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कोणत्या चौकोनात काय आहे हे लोकांना कळतं, ते त्या लिहिलेल्या कागदामुळे. आपल्या आज्यांनी कमी का शिवल्या? पण कोणती कोणाची, ते विचारायला आता माणूस नाही.

आधी शिवून झालेल्या गोधड्यांचं काय? त्यांनाही वहीत जागा आहे. तारीख आठवणार नाही, तर मोठी खूण धरा. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, २०१९ च्या महापुरात भिजली ती, टाळेबंदीत घरी बसून शिवली ती. किंवा कोणत्या लेकराच्या वेळची दुपटी, कोणत्या लेकीच्या रुखवतातली. सासूबाई, आई हयात असतील तर त्यांच्याजवळ गोधडी घेऊन बसा आणि एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारा. माझ्या सासूबाईंना सकाळचं जेवण आठवत नव्हतं, पण ठिगळ कोणाच्या लुगड्याचं ते बरोबर सांगायच्या.

लिहिता येत नाही म्हणून कोणी मागे राहू नका. रेघा ओढायला आणि तुकडा टाचायला अक्षर लागत नाही. बाकीचं शाळेतल्या नातवंडाला सांगा, ते लिहील. पैशाचा आकडा मात्र स्वतः ओळखून घ्या.

गटाला मोठी ऑर्डर आली तरी प्रत्येकीची वही वेगळीच असू द्या. वाटणीच्या वेळी "मी जास्त शिवलं, तिने कमी" यावरून चांगले चालणारे गट मोडलेले पाहिलेत. अशा वेळी सगळ्या वह्या शेजारी शेजारी ठेवून रेघा मोजायच्या आणि इतिवृत्तात तसं लिहायचं. बँकेत कर्जाला गेल्यावर "वर्षाला या कामातून किती मिळतात?" असं विचारतात, तेव्हाही वहीवरून बेरीज करून सांगता येतं.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला प्रत्येकीने एक पान भरून आणा. नवी गोधडी सुरू नसेल तर रात्री अंगावर घेता तीच लिहा. क्रमांक १.