रांगोळी काढणारा लोलक

हेतू : गती व ऊर्जा यांचे नियम मुलांना प्रत्यक्ष चित्रातून दाखविणे.

पूर्वपीठिका : सन 1851 मध्ये फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिस येथील पँथिऑनच्या घुमटाखाली 67 मीटर लांबीच्या तारेला 28 किलोग्रॅम वजनाचा गोळा टांगला. त्याच्या टोकाने वाळूत उमटणाऱ्या खुणा हळूहळू सरकल्या व पृथ्वीचे फिरणे लोकांना दिसले. दिल्लीच्या नव्या संसद भवनात 2023 पासून असाच लोलक टांगलेला आहे. तो वास्तूची शोभा आहे आणि विज्ञानाचा पाठही आहे.

कृती : एक दोरी दोन्ही टोकांनी आढ्याला सैल बांधावी. तिच्या मध्याशी दुसरी दोरी गाठवून तळाशी बारीक छिद्र असलेला डबा टांगावा. डब्यात कोरडी, चाळलेली रांगोळी भरावी. खाली काळा कागद अंथरावा. डबा तिरका ओढून, धक्का न देता सोडावा. आढ्याच्या दिशेने डबा केवळ खालच्या दोरीवर झुलतो, आडव्या दिशेने दोन्ही दोऱ्यांवर. लांबी भिन्न म्हणून झोक्याचा काळही भिन्न. या दोन गतींच्या मिलाफाने कमानी व वेटोळी उमटतात.

स्पष्टीकरण : केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा धरणात अडलेल्या पाण्याप्रमाणे उंच ओढलेल्या डब्यात स्थितिज ऊर्जा साठते. खाली येताना ती गतिज होते व वर जाताना पुन्हा स्थितिज. हवेचा व दोरीचा विरोध होऊन तिचा काही अंश उष्णतेत जातो. म्हणून रेषा आत आत येतात. आकृतीचे आकसणे हा ऊर्जेचा हिशेबच होय.

दक्षता : आकृती फिरताना दिसली, तर "ही पृथ्वीची गती" असे सांगू नये. केज सुमारे 18.7 उत्तर अक्षांशावर असल्याने येथे फूकोच्या लोलकाची दिशा तासाला सुमारे 4.8 अंशच बदलेल. पूर्ण फेऱ्यास जवळजवळ 75 तास लागतील. डबा त्यापूर्वीच थांबतो. चमत्कार वाटावा म्हणून सांगितलेले असत्य मुलांच्या मनात घर करते. खरे कारण शोधण्याची सवय त्याने मोडते.

प्रश्न :
1. खालची दोरी आखूड केल्यास आकृती कशी बदलेल? आधी अंदाज लिहवून घ्यावा, मग प्रयोग करावा.
2. डबा कोठे सर्वांत वेगाने जातो? तेथे रांगोळीची रेघ जाड पडते की बारीक?