पिन म्हणजे नवा अंगठा

मंडळी, आज आपण एका लहानशा गोष्टीचा धडा घेऊ. फोनवर पैसे देताना आपण चार किंवा सहा आकडे दाबतो. त्या आकड्यांना पिन म्हणतात. धडा त्या आकड्यांचा आहे.

किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, चहाच्या टपरीवर, बाजारात भाजीवाल्या बाईच्या पाटीपाशीसुद्धा आता एक काळा-पांढरा चौकोन दिसतो. तो क्यूआर कोड. फोनचा डोळा त्याच्यासमोर धरला की दुकानदाराचे नाव पडद्यावर उमटते. रक्कम लिहायची, पिन टाकायचा, की आपल्या खात्यातला पैसा त्याच्या खात्यात जातो. या सोयीचे नाव यूपीआय. ती २०१६ साली सुरू झाली. सोय चांगली आहे. शंभर रुपये काढायला तालुक्याची एस्.टी. धरावी लागत नाही आणि सुट्ट्या पैशांची कटकट नाही. कोणी म्हणतात, फसवणूक होते तर फोनच नको. आम्हाला हे पटत नाही. विहिरीत माणूस पडतो म्हणून गाव विहीर बुजवीत नाही, तिला कठडा बांधतो.

आता थोडी जुनी गोष्ट ऐका. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी सावकार रोखा लिहून आणी. कुणब्याला वाचता येत नसे. सावकार म्हणे, "शंभर लिहिलेत, कर निशाणी." कुणबी निशाणी करी. कागदावर दोनशे असत. हे वर्षानुवर्षे चालले. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावी लोक खवळले. सावकारांच्या घरांतले आणि दुकानांतले रोखे, खतपत्रे त्यांनी बाहेर काढली आणि जाळली. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत पसरले. मग १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी कायदा केला. शेतकऱ्याने लिहून द्यायचा रोखा गावच्या नोंदणी कामगारासमोर व्हावा, असे त्यात ठरले. कशासाठी? तर निशाणी करण्याआधी कागदावर काय आहे ते शेतकऱ्याला कळावे यासाठी.

तुम्ही आता अंगठा सोडून सही करू लागलात. फार चांगले झाले. पण फोनवर पिन टाकणे म्हणजे पुन्हा अंगठा उठविणेच आहे. ऑक्टोबर २०२५ पासून तर पिनच्या जागी फोनवर बोट टेकवून किंवा चेहरा दाखवूनही पैसे देता येतात. म्हणजे तो अंगठा अक्षरशः परत आला. जुन्या कागदावर जसा मजकूर असे, तसा या पडद्यावरही असतो. पिन मागणाऱ्या पानावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : पैसे कोणाला आणि किती. आकडे दाबण्याआधी त्या दोन गोष्टी वाचायच्या. घाई करू नका, एक एक अक्षर लावून वाचा. ॲपची भाषा मराठी करून घ्या. भीम ॲपमध्ये मराठी आहे. घरातल्या शिकत्या मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत करून देईल.

आणि एक नियम पाठ करा. पैसे देताना पिन लागतो. आपल्या खात्यातली शिल्लक पाहतानाही लागतो. पैसे घेताना पिन कधीही लागत नाही. कधीही नाही. क्यूआर कोडसुद्धा देणाऱ्याने स्कॅन करायचा असतो, घेणाऱ्याने नाही.

नियम सोपा आहे. मग माणसे फसतात कशी? ते पाहू.

समजा, एका शेतकऱ्याने जुने कडबाकुट्टी यंत्र विकायला काढले. मुलाने यंत्राचा फोटो आणि फोन नंबर इंटरनेटवर टाकला. दुसऱ्या दिवशी फोन आला. माणूस गोड बोलतो. "काका, रामराम. मी फौजेत आहे. गावी वडिलांसाठी यंत्र पाहिजे. आठ हजार ना? दिले. भाव करत नाही." इथेच पहिली शंका यायला हवी. यंत्र न पाहता, घासाघीस न करता जुनी वस्तू कोण घेतो? बाजारात आपण वांगीसुद्धा दाबून पाहतो.

पुढे तो म्हणतो, "आधी पाच रुपये पाठवून बघतो." पाच रुपये खरेच येतात. शेतकऱ्याचा विश्वास बसतो. मग तो एक क्यूआर कोड पाठवितो. "काका, हा स्कॅन करा, पिन टाका, म्हणजे आठ हजार तुमच्या खात्यात जमा होतील. फोन ठेवू नका हं, मी सांगतो तसं करा." आणि तो बोलतच राहतो. फौजेचे सांगतो, आईच्या दुखण्याचे सांगतो. शेतकऱ्याच्या कानात बोलणे चालू आहे आणि डोळ्यांसमोर पडद्यावर स्पष्ट लिहिले आहे, की अमुक माणसाला ८,००० रुपये द्या. शेतकरी कानाने ऐकतो, डोळ्यांनी वाचीत नाही. पिन टाकतो. आठ हजार जातात. "अरेच्चा, उलटं झालं वाटतं, पुन्हा टाका, दोन्ही परत येतील." तो पुन्हा टाकतो. सोळा हजार गेले. यंत्र गोठ्यात तसेच उभे.

यात यंत्राचा किंवा बँकेचा दोष नाही. सगळी युक्ती एकच आहे : माणसाला वाचू द्यायचे नाही. म्हणून फोनवर कोणी बोलत असताना पिन टाकायचा नाही. आधी फोन ठेवायचा. खरा गिऱ्हाईक असेल तर पुन्हा फोन करील.

याच युक्तीचा आणखी एक प्रकार होता. समोरचा माणूस आपल्या फोनवर पैशांची 'मागणी' पाठवी आणि ती मंजूर करायला लावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याकडे अशी मागणी पाठविण्याची सोय यूपीआयमधून बंद केली आहे. व्यापाऱ्यांना ती अजून आहे. तेव्हा अशी मागणी आलीच तर आपण काही विकत घेतले आहे का, एवढे पाहावे.

आता बँकेचा मेसेज कसा वाचावा ते सांगतो. तो बहुधा इंग्रजीत असतो. घाबरू नका, दोन अक्षरे ओळखता आली तरी पुरे. पैसा आला असेल तर 'क्रेडिट' असा शब्द असतो. त्याचे पहिले अक्षर सी. ते चंद्रकोरीसारखे दिसते, उजवीकडे उघडे. पैसा गेला असेल तर 'डेबिट' हा शब्द असतो. त्याचे पहिले अक्षर डी. मोठे डी दोरी बांधलेल्या धनुष्यासारखे असते, सगळीकडून बंद. लहान डी म्हणजे उभी काठी आणि तिच्या पायाशी डावीकडे चिकटलेला गोळा. आमच्या अनुभवाने सांगतो, ही दोन अक्षरे मोठी माणसे एका बैठकीत शिकतात.

पण चोरसुद्धा 'क्रेडिट' लिहू शकतो! "ताई, चुकून तुमच्या खात्यात वीस हजार गेले, मेसेज बघा. दोन हजार पाठवायचे होते. अठरा परत करा, मुलगा दवाखान्यात आहे." मेसेज बघावा तर खरेच वीस हजार लिहिलेले. तो मेसेज बँकेने पाठविलेला नसतो, त्यानेच पाठविलेला असतो. बँकेचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. अशा वेळी मेसेजवर न जाता खात्यातली शिल्लक पाहावी. आणि पैसे खरोखर चुकून आले असले, तरी ते बँकेमार्फत परत करावे. फोनवर रडणाऱ्याला परस्पर देऊ नयेत.

सरकारी योजनांच्या नावाने फसविणारे वेगळेच. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये २०१९ पासून तीन हप्त्यांत येतात. २०२४ साली लाडक्या बहिणींचे महिना १,५०० सुरू झाले. चोराला हे सगळे ठाऊक असते. व्हॉट्सॲपवर निरोप येतो : तुमचा हप्ता अडकला आहे, हे दाबा. खाली एक फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी ए, पी, के ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. कधी तीच फाइल लग्नपत्रिका म्हणून येते, कधी गाडीच्या दंडाची पावती म्हणून. ती दाबली की एक ॲप फोनमध्ये शिरते आणि आपले मेसेज वाचण्याची परवानगी मागते. आपण 'हो' दाबतो. मग बँकेचा ओटीपी, म्हणजे एका वेळेपुरता चालणारा गुप्त आकडा, आपल्याबरोबर चोरालाही दिसतो. आपण कोणाला तो सांगितलेला नसतो, तरी खाते रिकामे होते. लग्नपत्रिका पाठविणारा आपला सख्खा मेहुणा असला तरी ही फाइल उघडू नये. त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असेल, आणि निरोप त्याने पाठविलेलाच नसेल.

हप्त्याची चौकशी सरकारी पत्त्यावरच करावी. पीएम किसानचा पत्ता 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन' असा आहे. पत्ता वाचताना त्याचे शेपूट वाचायचे. 'गव्ह'च्या आधी टिंब हवे, नंतर टिंब हवे, मग 'इन'. 'गव्ह'च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, किंवा 'इन'च्या पुढे आणखी टिंब देऊन काही लिहिले असेल, तर तो पत्ता सरकारचा नाही. 'इन'नंतर तिरकी रेघ चालते.

आता खऱ्या अंगठ्याविषयी. गावात बँकमित्र येतो. आधार नंबर आणि अंगठा घेऊन तो खात्यातले पैसे काढून देतो. म्हाताऱ्या माणसांना ही मोठी सोय आहे, आणि बहुतेक बँकमित्र सरळ असतात. पण एखादा म्हणतो, "आजी, सर्व्हर डाऊन आहे, परत अंगठा लावा." दोनदा अंगठा, दोनदा पैसे, आजीच्या हातात एकदाच. तेव्हा प्रत्येक अंगठ्याची पावती मागावी. काम झाले नाही म्हणत असेल तर त्याचीही पावती मागावी. ज्यांना अंगठ्याने पैसे काढायची गरज नाही त्यांनी आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून आपले ठसे बंद करून ठेवावे. लागतील तेव्हा उघडता येतात. अडचण आली तर आधारचा फोन १९४७ हा आहे. स्वातंत्र्याचे साल, म्हणून विसरायला होत नाही.

पोलिसांच्या वेषात व्हिडिओवर येऊन "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, खोलीतून हलू नका" म्हणणारेही आहेत. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी रेडिओवरून देशाला हे सांगितले. फोन बंद करावा आणि बाहेर येऊन चारचौघांत बसावे.

एवढे करूनही पैसे गेले तर? इथे आम्हाला जरा कडक बोलायचे आहे. फसलेला माणूस गप्प बसतो. बायको काय म्हणेल, पोरगा काय म्हणेल, गाव हसेल. दोन दिवस तो जेवत नाही आणि कोणाला सांगतही नाही. ते दोन दिवस चोराच्या कामी येतात. अहो, वकील फसतात, डॉक्टर फसतात. लाज चोराला वाटावी!

चोरलेला पैसा एका जागी थांबत नाही. तो एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो आणि शेवटी रोख काढला जातो. पाटाचे पाणी पाटात आहे तोवर बांध घालून अडविता येते, जमिनीत मुरले की हाती लागत नाही. तसेच हे. म्हणून लगेच १९३० हा नंबर लावायचा. एक, नऊ, तीन, शून्य. हा सरकारचा नंबर आहे. तिथे तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसा पोचला असेल तिला निरोप जातो आणि तिथे जेवढा शिल्लक असेल तेवढा गोठविला जातो. फोन करताना पासबुक जवळ घ्या. किती रुपये गेले, किती वाजता गेले, व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक कोणता आणि चोराचा फोन कोणत्या नंबरावरून आला, हे सांगावे लागेल. चोराचे मेसेज रागाने पुसून टाकू नका. तक्रारीचा क्रमांक देतील तो लिहून घ्या. तुम्हाला आता लिहिता येते.

लगोलग आपल्या बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना नियम घालून दिला. खातेदाराने स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे प्रत्येक तास मोलाचा. बँकेचा नंबर पासबुकावरूनच घ्या. इंटरनेटवर शोधायला गेलात तर तिथेही चोर बँकेच्या नावाने नंबर लावून बसलेले असतात.

तरुण पोरांना एक सांगणे. कोणी म्हणतो, "तुझे खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो." ज्या खात्यांतून चोरीचा पैसा फिरतो ती अशीच मिळविलेली असतात. पोलीस आधी खात्यावरच्या नावाच्या घरी येतात.

सराव

१. खालील वाक्ये मोठ्याने वाचा. कोणते खरे असू शकते, कोणते खोटेच आहे, ते सांगा.
"पैसे मिळविण्यासाठी पिन टाका."
"पिन टाकून शिल्लक पाहा."
"हप्ता सुरू करण्यासाठी ही फाइल उघडा."

२. आपल्या पासबुकावरून बँकेचा फोन नंबर शोधून येथे लिहा : ____________

३. १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा आणि घरात सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी चिकटवा.