पूर्व नाशिक : हेलिकॉप्टरविना उंचावरून

थंडीत जैसलमेर गाठायचं, वाळूच्या टेकड्या पाहायच्या आणि जमलं तर हेलिकॉप्टरमधून एक फेरी मारायची, असा बेत बरेच जण आखतात. हौस चांगलीच आहे. पण कोरडा मुलूख उंचावरून कसा दिसतो हे पाहायचं असेल, तर नाशिककरांना राजस्थानपर्यंत जावं लागत नाही. आपला अर्धा जिल्हा पर्जन्यछायेत आहे. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. येवला, नांदगाव, मालेगावकडे तो जेमतेम 500 च्या आसपास येऊन थांबतो. तिथे वाळवंट नाही, पण उघडे माळ, सपाट माथ्याचे डोंगर आणि दूरवर पोचणारी नजर आहे. आणि आकाशातून पाहावं तसं ते सगळं दाखवणारे किल्लेही आहेत.

भटक्यांची सवय मात्र पश्चिमेची. पावसाळ्यात सगळे हरिहर, अंजनेरीला धावतात आणि तिथल्या पायऱ्यांवर रांगा लागतात. माझा आग्रह आहे की जुलै-ऑगस्टमधला एखादा रविवार सातमाळा डोंगररांगेच्या पूर्व टोकाला द्यावा. पाऊस बेताचा, गवत कोवळं, वाटा मोकळ्या. सप्टेंबरच्या शेवटापासून दुपारी ढग जमून विजा कडाडतात, तेव्हा उघड्या पठारावरून दुपारच्या आत खाली उतरायचं. खरा हंगाम त्यानंतरचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा सर्वांत स्वच्छ मिळते ती परतीचा पाऊस सरल्यावर लगेच, किंवा उत्तरेचे गार वारे सुटल्यावर. फेब्रुवारी सरला की धूळ आणि वणव्यांचा धूर मिसळून क्षितिज गढूळ होतं. मार्चमध्ये जायचंच असेल तर उजाडता उजाडता चढायला लागा आणि दहाच्या आत पायथा गाठा. एप्रिल-मेमध्ये मालेगावकडे पारा चाळिशीच्या बराच वर असतो. तेव्हा हा भाग टाळावा, त्यात कमीपणा नाही.

एकच किल्ला निवडायचा तर मी धोडप सांगेन. मुंबई-आग्रा महामार्गावर वडाळीभोई, तिथून धोडांबे आणि मग हट्टी, हे पायथ्याचं गाव. अडीच-तीन तासांची चढण आहे. वर गुहेत मुक्काम करता येतो, जवळ टाकंही आहे. माथ्याच्या सुळक्याच्या नादी न लागता बाजूने पुढे गेलं की कातळाची लांबच लांब अरुंद भिंत लागते. भेगेत घुसलेला लाव्हा थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि ही भिंत उरली. तिच्यातली खाच महामार्गावरूनसुद्धा ओळखू येते. दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे आहेत, कठडा नाही आणि वारा जोराचा असतो, म्हणून टोकाकडे एकेकाने आणि बसत बसतच सरकावं.

तिथे बसल्यावर हा मुलूख वाचता येतो. पश्चिमेला रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंग. पूर्वेला कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई. ही रांग म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. दक्षिण उतारावरचा पाऊस गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे जातो, उत्तरेचा गिरणेतून तापीला मिळून अरबी समुद्राला. थंडीत खाली कांद्याचे हिरवे वाफे दिसतात आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिक अंथरलेली शेततळी चमकतात. उंचावरून ती मोजू लागलं की इथल्या शेतकऱ्याने पाण्यासाठी काय काय केलं आहे ते समजतं. 1768 साली माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा पराभव केला तो याच किल्ल्यापाशी.

घरातली मोठी माणसं आणि मुलं बरोबर असतील तर अंकाई-टंकाई बरा. मनमाडहून येवला रस्त्याने अंकाई गाव जवळ आहे. मनमाड-दौंड मार्गावर अंकाई नावाचं स्टेशनही आहे. टंकाईच्या पोटातली जैन लेणी पाहायची, खिंडीत दम घ्यायचा आणि मग अंकाईच्या पठारावर जायचं. वर अगस्ती ऋषींचं स्थान आणि तलाव आहे. हडबीची शेंडी हा मनमाडचा सुळका इथून फार सुंदर दिसतो.

दोन दिवस असतील तर बागलाणात साल्हेर. सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर असा रस्ता. चढाई साल्हेरवाडीकडून किंवा वाघांबेकडून. उंची 1567 मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. फेब्रुवारी 1672 मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते याच्याच पायथ्याला. 2025 साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत हाही आहे. परशुरामाच्या देवळापासून पूर्वेला मांगी-तुंगी दिसते आणि पश्चिमेला डांगची जंगलं.

आता पाठपिशवीचं. थंडीतही माणशी तीन लिटर पाणी खालूनच भरून घ्या. टाक्यात पाणी आहे का, ते पिण्याजोगं आहे का, हे पायथ्याच्या गावात विचारा. गुराख्यांइतकी पक्की माहिती कुणाकडेच नसते. गावच्या विहिरीचं पाणी टंचाईत उपसू नका. नोव्हेंबरपासून गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत शिरून चालणं नकोसं करतात, म्हणून पूर्ण पायाची पँट आणि गेटर हवेत. सुकलेल्या उतारावर घसारा असतो. चढतानापेक्षा उतरतानाच माणसं जास्त घसरतात. कड्यांना आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर नको, धूर नको, आरडाओरड नको. निफाडच्या बाजूला पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, म्हणून मुक्कामाला जाड झोपपिशवी न्याच. वाळल्या गवतात शेकोटी पेटवू नका.

उंचावरून चित्रीकरणासाठी ड्रोन नेणाऱ्यांनी आधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. देवळाली, गांधीनगर आणि ओझर इथे लष्करी आणि विमानविषयक ठाणी आहेत, संरक्षित स्मारकांवर वेगळी परवानगी लागते. आणि संकटात हेलिकॉप्टर येईल या भरवशावर कुणी चढू नये. इथल्या वाटांवरून जखमीला खाली आणतात ती माणसंच, स्ट्रेचर खांद्यावर घेऊन, कित्येक तास चालून. कुठे जातोय आणि कधी उतरणार हे गावात एका घरी सांगून ठेवा. गरज पडली तर 112 किंवा 108.

परतताना वेळ उरला तर येवल्याजवळ ममदापूर राखीव क्षेत्रात काळवीट पाहता येतात; सकाळी लवकर आणि गाडी रस्त्यावरच ठेवून. नाहीतर निफाडवरून नांदूरमध्यमेश्वर. रामसर यादीत आलेलं हे राज्यातलं पहिलं पाणथळ. हिवाळ्यात पक्षी भरपूर असतात; दुर्बीण मात्र स्वतःची न्या.