मेणबत्तीचे सहा पाठ

आमच्या शाळेत सायंकाळच्या वंदनेला दररोज मेणबत्ती पेटते. तिच्या उजेडात विद्यार्थ्यांच्या किती तरी पिढ्या मोठ्या झाल्या. परंतु मेणबत्ती जळते म्हणजे नेमके काय होते, मेण जाते कुठे, हे आम्ही शिक्षकांनी त्यांना कधी विचारले नव्हते.

आम्ही मूळचे इतिहासाचे. एके वर्षी विज्ञानशिक्षकाची जागा काही महिने रिकामी राहिली आणि नववीचे तास आमच्याकडे आले. पहिल्या तासाला आम्ही रसायनशास्त्राच्या व्याख्या व सूत्रे फळ्यावर लिहिली. मुलांनी निमूटपणे उतरवून घेतली. तास संपताना एका मुलीने विचारले, "सर, हे सगळं पाठ केलं की रसायन येतं का?" आम्ही निरुत्तर झालो. शेतमजुरांच्या आणि ऊसतोड कामगारांच्या या लेकरांपैकी फार थोडी दहावीनंतर विज्ञानाकडे वळत. बुद्धीची उणीव नव्हती. हा विषय आपल्यासाठी नाही, ही समजूत मनात घर करून बसली होती. न समजणाऱ्या संज्ञा घोकायला लावून आम्ही ती अधिकच घट्ट करीत होतो.

उत्तरासाठी आम्ही साहजिकच इतिहासाकडे वळलो. मायकेल फॅरडे यांचा जन्म १७९१ मध्ये लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. जुजबी लिहिण्या-वाचण्यापलीकडे शाळा लाभली नाही. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागले. त्यांत जेन मार्सेट या विदुषींचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक होते. शिक्षिका आणि दोन मुली यांच्या संभाषणातून विषय उलगडणारे हे पुस्तक १८०६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. फॅरडे यांनी त्यातील विधाने लहानसहान प्रयोग करून स्वतः पडताळली. पुढे १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडे यांनी चार व्याख्यानांची टिपणे लिहून काढली, आपल्याच हाताने बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. १८१३ मध्ये तेथे त्यांना प्रयोगशाळा साहाय्यकाची नोकरी मिळाली. नंतरच्या युरोपप्रवासात डेव्हींच्या पत्नीने त्यांना घरगड्यासारखे वागवले. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारी दृष्टी तिकडेही होतीच. याच फॅरडे यांनी १८२५ मध्ये बेंझिनचा आणि १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली. त्यांतील १९ मालिका एकट्या फॅरडे यांनी दिल्या. १८६०-६१ च्या हिवाळ्यात, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, ते सहा व्याख्याने एकाच वस्तूवर बोलले. ती वस्तू म्हणजे साधी मेणबत्ती. या व्याख्यानांचे पुस्तक १८६१ मध्ये निघाले. ते वाचून आम्ही दुसऱ्या आठवड्यात मेणबत्ती, काडेपेटी, काचेचे पेले आणि पाण्याने भरलेली बादली घेऊन वर्गात गेलो.

प्रथम नुसते पाहायला सांगितले. वातीभोवती वितळलेल्या मेणाची वाटी तयार होते. वर चढणारी हवा तिची कड थंड ठेवते, म्हणून वाटी टिकते. मेण वातीतून केशाकर्षणाने वर चढते, तापून त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. पुरावा कोणता? ज्योत हलकेच विझवून वातीतून निघणाऱ्या पांढऱ्या धुराला पेटती काडी दाखवली. ज्योत धुराच्या वाटेने उडी घेऊन वातीवर परतली. ही उडी मुलांनी आम्हाला पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावली.

मग ज्योतीच्या पिवळ्या भागात चिनी मातीची बशी धरली. काजळी जमली. "आमची आजी असंच काजळ धरते," एक मुलगा म्हणाला. हेच कार्बनचे कण ज्योतीत तापून प्रकाशतात, हे तेथेच सांगता आले. नंतर कोरडा पेला ज्योतीवर क्षणभर उपडा धरला; तो आतून धूसर झाला. जळण्यातून पाणी तयार झाले, असे आम्ही म्हणताच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पेला आधीच ओला असेल!" आम्हाला मनस्वी आनंद झाला. तसाच दुसरा पेला पुसून, ज्योतीशिवाय, तितकाच वेळ उपडा धरला. तो स्वच्छ राहिला. सांगितलेले तपासून पाहण्याचा हा धडा पाठ्यपुस्तकातील कोणत्याही व्याख्येहून मोठा होता. धम्माला 'एहिपस्सिक' म्हणतात, या आणि स्वतः पाहा. शास्त्राचे आमंत्रणही तेच आहे.

शेवटी चुन्याची निवळी घेतली. पानपट्टीवरचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला आणि वरचे स्वच्छ पाणी काढून घेतले. ज्या बरणीत मेणबत्ती जळून विझली होती तीत निवळी ओतून हलवली. ती दुधाळ झाली. दुसऱ्या पेल्यातील निवळीत एका मुलीने नळीतून फुंकर घातली. तीही दुधाळ झाली. निवळी दाहक असते, ती तोंडात ओढली जाऊ नये, डोळ्यांत उडू नये, म्हणून आम्ही शेजारी उभे होतो. फॅरडे यांच्या सहाव्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. मेणातील कार्बन प्राणवायूशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होतो. भाकरीतील कार्बनचे आपल्या शरीरात शेवटी तेच होते. ज्योत दिसत नाही, पण आपल्या अंगाची ऊब त्यातूनच येते.

एवढे झाल्यावर आम्ही खडू उचलला आणि ज्वलनाचे समीकरण लिहिले. यावेळी कुणी नुसते उतरवून घेतले नाही. मुले त्यात काजळी, पाणी आणि दुधाळ निवळी शोधत होती. आधी दर्शन, मग प्रश्न, मग पडताळा आणि अखेरीस नाव, हा क्रम आम्ही त्या तासाला शिकलो. त्या वर्गातील सर्वच मुले विज्ञानशाखेला गेली असे नाही. परंतु पहिल्या दिवशी प्रश्न विचारणारी ती मुलगी वंदनेनंतर थांबून म्हणाली, "सर, मेण कुठे जातं ते आता कळलं." आमच्यापुरते ते प्रशस्तिपत्र पुरेसे होते.

फॅरडे यांची बुद्धी त्यांची स्वतःची होती. सभागृहाचे दार मात्र दुसऱ्याच्या तिकिटाने उघडले. आमचे माजी विद्यार्थी आज साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत, औषधनिर्मितीत, रुग्णालयांतील रक्ततपासणीत काम करीत आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस आपल्या कामातील एखादी वस्तू घेऊन नववीच्या वर्गात यावे, ती मुलांच्या हाती द्यावी आणि त्यांचे प्रश्न ऐकावेत. पालकांनीही मुलगी सुटीत घरी येऊन चुना, हळद, सोडा मागू लागली तर रागावू नये. जवळ बसून पाहावे. कुणासाठी तरी तेच तिकीट ठरेल.