स्कायलाइनचे भाव उतरतील का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. निसान स्कायलाइन जीटी-आर, तीही आर-३४, घ्यायचं कॉलेजपासूनचं स्वप्न आहे. पण भाव ऐकून छाती दडपते. थोडं थांबू का?

उत्तर : भाव उतरण्याच्या आशेवर थांबू नका. ही गाडी १९९९ ते २००२ एवढीच बनली, जेमतेम साडेअकरा हजार. अमेरिकेत परदेशी गाडीला सुरक्षा नियमांतून सूट मिळायला २५ वर्षं उलटावी लागतात. त्यामुळे पहिल्या आर-३४ साठी दार २०२४ मध्ये उघडलं. जपानमधला मर्यादित साठा आणि त्यावर अमेरिकी पैसा, मग भाव चढणारच. ही मुदत गाडीगणिक मोजतात, म्हणून तयार झाल्याचा महिना कागदावर पाहिल्याशिवाय इसारा देऊ नका.

मला खरी काळजी फसवणुकीची वाटते. साध्या जीटी-टीला जीटी-आरचे पत्रे चढवून विकतात. चासी नंबर बीएनआर-३४ ने सुरू झाला तरच ती खरी जीटी-आर. ईआर-३४ असेल तर सरळ परत फिरा. बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या टोकाशी गंज आहे का, तेही पाहा. तिथला गंज काढणं फार खर्चिक असतं.

बजेट बसत नसेल तर १९८९ ते १९९४ मधली आर-३२ पाहा. तेच २.६ लिटरचं, दोन टर्बोंचं सहा सिलिंडरी आरबी-२६ इंजिन, आणि किंमत बरीच कमी. निसानने २०१७ पासून तिचे काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले आहेत. मला स्वतःला तीच जास्त आवडते.