जुन्या सुपरचार्जर मोटारीतील थ्रॉटल व आयडलिंगचे दोष : निदानाची पद्धत

इंदूर संस्थानचे अखेरचे राज्यकर्ते यशवंतराव होळकर (दुसरे) यांना मोटारींची मोठी हौस होती. त्यांच्या संग्रहातील सर्वांत नामांकित गाडी म्हणजे अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग कंपनीची 'एस. जे.' जातीची मोटार. तिचा सांगाडा व इंजिन अमेरिकेतून आले आणि वरील दोन आसनी बांधणी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यात १९३५-३६ च्या सुमारास झाली. नारिंगी व काळ्या रंगातील ही गाडी पुढे भारताबाहेर गेली. परंतु तिच्यातील यंत्ररचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. आठ सिलिंडर, बत्तीस झडपा, सुमारे ६.९ लिटर क्षमता आणि क्रँकशाफ्टच्या कित्येक पट गतीने दातेरी चाकांनी फिरणारा सुपरचार्जर, अशी तिची घडण होती. साध्या 'जे' इंजिनाची शक्ती कंपनी २६५ अश्वशक्ती सांगत असे, तर सुपरचार्जर बसविलेल्या इंजिनाची ३२०. कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. यशवंतराव १९६१ मध्ये निवर्तले. त्यांच्या माणिकबाग प्रासादात पुढे केंद्रीय उत्पादन शुल्क विभागाचे कार्यालय आले.

अशी गाडी आज कोणाच्या दारात उभी असणार, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु सुपरचार्जर ही केवळ राजेरजवाड्यांची वस्तू राहिली नाही. चालू शतकाच्या पहिल्या दशकात मर्सिडीज-बेंझच्या 'कॉम्प्रेसर' नावाच्या गाड्या भारतात विकल्या गेल्या, आणि त्या आता जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. विकत घेणाऱ्यास किंमत परवडते, दुरुस्ती परवडत नाही. गाडी उभी असताना इंजिन थरथरते, सिग्नलवर बंद पडते, पेडल सोडले तरी रेस उतरत नाही, अशा तक्रारींवर पुष्कळदा आधी इंजिन उघडले जाते आणि विचार मागाहून होतो. दोष मात्र अनेकदा एखाद्या चिरलेल्या रबरी नळीत किंवा झिजलेल्या बुशीत असतो.

मूळ तत्त्व

पेट्रोल इंजिनाला हवा किती मिळावी हे थ्रॉटलची चपटी झडप ठरविते. पेडलवरील पाय काढला की झडप जवळजवळ मिटते. पिस्टन हवा ओढू पाहतात, पण वाट अरुंद असते. म्हणून झडपेच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूस, हवेचा दाब पुष्कळ घटतो. यालाच कारागीर 'व्हॅक्यूम' म्हणतात. आयडलिंगचे सारे आरोग्य या व्हॅक्यूमवर अवलंबून असते.

येथे थोडा हिशेब करणे उपयुक्त ठरेल. दोन लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेत असेल तर त्याच्या सिलिंडरांची पोकळी मिनिटाला ७०० लिटर भरते. परंतु मॅनिफोल्डमधील हवा विरळ, म्हणजे बाहेरच्या सुमारे एक तृतीयांश दाटपणाची असते. तेव्हा इंजिन प्रत्यक्षात मिनिटाला साधारण २३० लिटर बाहेरील हवा घेते. आता मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये केवळ ३ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले, तर त्यातून मिनिटाला ६० ते ७० लिटर हवा आत शिरू शकते. एकूण हवेच्या चौथाई भागाइतकी ही चोरटी हवा पेट्रोलशिवाय येते आणि मिश्रण इतके पातळ करते की काही सिलिंडरांत ठिणगी पडूनही जाळ धरत नाही. हीच गाडी महामार्गावर पूर्ण थ्रॉटल देऊन पळविली तर मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम उरतच नाही, आणि छिद्राचा उपद्रव जाणवत नाही. म्हणूनच निदानाचा पहिला प्रश्न हा की, दोष उभ्या गाडीत अधिक जाणवतो की ओझ्याखाली? उभ्या गाडीत इंजिन अडखळते पण वेगात सुरळीत चालते, तेव्हा हवेच्या गळतीचा संशय प्रथम घ्यावा. उलट, आयडलिंग उत्तम असून चढावर इंजिन 'मिसिंग' मारते, तेव्हा ठिणगी, पेट्रोलचा पुरवठा किंवा दाबाच्या नळ्या यांकडे वळावे. दाबाखालील दाट मिश्रणातून ठिणगी उडविण्यास अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे प्लगमधील अंतर जरासे वाढलेले असले तरी सुपरचार्जरची गाडी चढावर ते लपू देत नाही.

शाळेतील शिक्षकांना हे तत्त्व सहज दाखविता येईल. उसाचा रस पिण्याच्या नळीला रसाच्या पातळीच्या वर टाचणीने एक भोक पाडावे. हळूहळू ओढल्यास रसाऐवजी हवाच तोंडात येते. भोक बोटाने दाबताच रस पुन्हा चढू लागतो. कारागीर गॅरेजमध्ये गळती शोधतो ती याच न्यायाने.

सुपरचार्जरमुळे काय बदलते

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच शक्तीने फिरणारा आणि सिलिंडरांत हवा कोंबणारा पंप. टर्बोचार्जर हेच काम धुराच्या झोतावर करतो; आजच्या अनेक ट्रक व ट्रॅक्टरांत तो असतो. डिझेल इंजिनात बहुधा थ्रॉटलची झडप नसते, तेव्हा तेथील अडखळणे हा निराळा विषय आहे. डिझेलमध्ये हवा शिरणे आणि नोझल खराब होणे येथून तो सुरू होतो.

ड्यूझेनबर्गचा सुपरचार्जर केंद्रोत्सारी, म्हणजे पंख्यासारखा होता. अशा पंख्याचा दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिनाच्या ४,००० फेऱ्यांना दर चौरस इंचास सुमारे ५ पौंड दाब मिळत असेल, तर ६०० फेऱ्यांना तो एक अष्टमांश पौंडदेखील भरत नाही. तात्पर्य, आयडलिंगला हा पंखा नुसताच फिरत असतो. मर्सिडीजच्या उपरोक्त गाड्यांत वापरलेला 'रूट्स' धर्तीचा पंप मात्र प्रत्येक फेरीला ठरावीक हवा पुढे ढकलतोच. त्या हवेला परत फिरण्यासाठी बायपासची झडप द्यावी लागते. ही झडप चिकटून मिटलेली राहिली तर पाय सोडतानाच गाडी धक्के देते व पंप घुमतो; उघडी राहिली तर आयडलिंग ठीक, पण पिकअप मेलेला. झडपेचा दांडा हाताने हलवून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. तरीही ती सोडून सेन्सर बदलण्याचा प्रघात फार आहे.

यापुढील बाब अधिक महत्त्वाची. काही जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर पंपाच्या आधी असतो व पंप तयार मिश्रण ओढून पुढे देतो. काहींत पंप हवा दाबून कार्ब्युरेटरमध्ये सोडतो. पहिल्या रचनेत आयडलिंगच्या वेळी पंपाचे पोटच व्हॅक्यूमखाली येते. पंपाच्या शाफ्टचे सील झिजले असेल तर त्यातून हवा तर शिरतेच, शिवाय बेअरिंगचे ऑइलही ओढले जाते. प्लग ओले व काळे होतात आणि निळसर धूर निघतो. पिस्टनच्या रिंगा गेल्या असे समजून येथेच इंजिन उघडले जाते. खरे तर कॉम्प्रेशन मोजल्याखेरीज हा निष्कर्ष काढूच नये. सर्व सिलिंडरांचे आकडे चांगले व एकमेकांजवळ असतील तर रिंगांचा दोष बहुधा नसतो. दाबाच्या वेळी तेच झिजलेले सील पेट्रोलचे मिश्रण तापलेल्या इंजिनावर बाहेर फेकू शकते, हा आगीचा धोका वेगळा.

दुसऱ्या रचनेत कार्ब्युरेटरच दाबाखाली असतो. त्याच्या फ्लोटच्या कप्प्यावर तेवढाच दाब पोचविणारी बारीक नळी असावी लागते, आणि पेट्रोल पंपाचा दाब त्याहून अधिक असावा लागतो. ती नळी सुटली तर चढावर इंजिन उपाशी राहते; आयडलिंगवर विशेष फरक दिसत नाही.

तपासणी

प्रारंभ थ्रॉटलपासून करावा, कारण त्यात जीविताचा प्रश्न आहे. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबावे व सोडावे, दुसऱ्याने झडपेकडे पाहावे. झडप स्वतःच्या स्प्रिंगने, न अडखळता, पूर्ण मिटली पाहिजे. पायाखालची रबरी चटई, चुरगळलेली केबल, सुकलेले सांधे, ताण गेलेली स्प्रिंग, झडपेच्या काठावरील काजळी, यांपैकी काहीही रेस अडकवून ठेवू शकते. रेस अडकणारी गाडी दुरुस्तीपूर्वी रस्त्यावर नेऊ नये. चालविताना असे घडलेच तर चालकाने क्लच दाबून किंवा गिअर न्यूट्रल करून ब्रेक लावावा व गाडी थांबल्यावर इंजिन बंद करावे. झडपेचा शाफ्ट बोटांनी वरखाली हलवून पाहावा. तो खुळखुळत असल्यास बुशीतून हवा शिरते आणि मिक्स्चर स्क्रू कितीही फिरविला तरी आयडलिंग स्थिर होत नाही. अशा वेळी थ्रॉटलचा स्क्रू आवळून रेस चढवून देणे म्हणजे दोष झाकणे होय. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत मात्र झडप बोटाने ढकलू नये. आतील बारीक गिअर तुटतात.

त्यानंतर ठिणगी पाहावी : प्लग, पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग. जुन्या गाडीत एकेका प्लगची वायर इन्सुलेशन असलेल्या पकडीने काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूला टेकवावे. जी काढल्याने इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळातच काम करीत नाही. नव्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत हा प्रयोग करू नये.

मग व्हॅक्यूम गेज. त्याची नळी इंजिनालगतच्या मॅनिफोल्डवर जोडावी. परदेशी पुस्तकांत निरोगी इंजिनाचे माप पाऱ्याचे १७ ते २१ इंच, म्हणजे सुमारे ४३० ते ५३० मिलिमीटर दिलेले असते. परंतु ते समुद्रसपाटीचे आहे. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब ७६० ऐवजी साधारण ७१० मिलिमीटर असतो, म्हणून गेजही जवळजवळ दोन इंच कमी दाखविते. मुंबईत १८ इंच दाखविणारे इंजिन इंदुरात १६ दाखवील आणि त्यात काही बिघाड नसेल. पुस्तकातील आकड्याला गाठण्यासाठी टायमिंग पुढे ढकलणे सुपरचार्जरच्या इंजिनाला घातक ठरते, कारण दाबाखाली नॉकिंग होऊन पिस्टन फुटू शकतो. काट्याची हालचाल आकड्याहून अधिक बोलकी असते. स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेले टायमिंग. ठेक्यात एकदा खाली झटकत असेल तर एखादी झडप नीट बसत नाही. सावकाश डोलत असेल तर मिश्रण बिघडलेले.

गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती सर्वथा सोडावी. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक पॅकिंगच्या कडेने फिरविल्यास शीळ ऐकू येते. संशयित सांध्यावर ब्रशने थोडे पाणी लावताच चाल बदलली तर जागा सापडली. धूर सोडून तपासण्याचे यंत्र असल्यास उत्तमच. ही कामे उघड्यावर करावीत. बंद शेडमध्ये चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड वायू वासावाचून माणसाचा जीव घेतो. उपरण्याचे किंवा ओढणीचे टोक पट्ट्याजवळ येऊ देऊ नये.

आजच्या पेट्रोलचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचले. ऊस व मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा लाभ आहे. जुन्या कार्ब्युरेटरची जेट मात्र निव्वळ पेट्रोलसाठी कोरलेली असतात. निव्वळ पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणास सुमारे १३.५. म्हणजे जेट तेच ठेवल्यास मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. माळव्याच्या उंचीमुळे ते किंचित दाट होते, परंतु एवढ्याने भरपाई होत नाही. पूर्वी इंदुरात निर्वेध चालणारी गाडी अलीकडे थंड असताना अडखळू लागली असेल तर गळती नसतानाही हे कारण संभवते, आणि त्यावर उपाय एका मापाने मोठे जेट हा आहे. सुपरचार्जरच्या गाडीत तो टाळू नये. दाबाखालील पातळ मिश्रण पिस्टन जाळते. जुन्या रबरी नळ्या, कॉर्कचे फ्लोट व पंपाचे पडदे इथेनॉलने फुगतात किंवा ठिसूळ होतात. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी साचून तळाशी बसते. इंजिनाला हात लावण्यापूर्वी टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहावे.

दुरुस्तीनंतर सपाट रस्त्यावर थ्रॉटल व ब्रेक यांची खात्री करून मगच घाटाची परीक्षा घ्यावी. इंदुराहून मुंबईच्या रस्त्याला मानपूरपुढे विंध्याचा उतार लागून निमाड सुरू होतो. तेथे खालच्या गिअरमध्ये, पेडल सोडून उतरताना मॅनिफोल्डमध्ये सर्वाधिक व्हॅक्यूम तयार होतो. उतार संपल्यावर पेडल दाबताच मागे निळ्या धुराचा लोट निघाला, तर पंपाचे सील किंवा झडपांच्या दांड्यांचे सील ऑइल ओढीत आहे. धामनोदला गाडी थांबवावी, इंजिन निवू द्यावे आणि सर्व प्लग काढून सिलिंडरांच्या क्रमाने कागदावर मांडावेत. सगळेच सारखे ओले असतील तर पंपाकडे जावे, एखादाच असेल तर त्या सिलिंडरच्या झडपेकडे.