जिममधलं मेकॅनिक्स

सेमिस्टर सुरू झालं की हॉस्टेलच्या जिममध्ये गर्दी होते आणि सबमिशन जवळ आलं की ती आपोआप ओसरते, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण फर्स्ट इयरची काही मुलं आठवडाभरातच यायची बंद होतात, ती सबमिशनमुळे नव्हे. बेंचवर कोणीतरी मोबाईल घेऊन बसलेला, प्लेट्स जमिनीवर विखुरलेल्या आणि विचारायचं कोणाला ते कळत नाही. म्हणून मित्रांनो, जिममध्ये वागायचं कसं याचा हा छोटा पाठ, आपल्याला पटेल अशा भाषेत, म्हणजे आकडेमोडीत.

आधी बार. पुरुषांच्या स्पर्धेतला बार 20 किलोचा आणि 2.2 मीटर लांब असतो. समजा, स्टँडच्या दोन खांबांत 70 सेंमी अंतर आहे. म्हणजे बारचा मध्य प्रत्येक खांबापासून 35 सेंमी आत. प्लेट मध्यापासून साधारण 70 सेंमीवर बसते, म्हणजे खांबाच्या 35 सेंमी बाहेर. आता एका बाजूच्या सगळ्या प्लेट्स काढल्या आणि दुसरीकडे 20 किलोची एकच राहिली, तर खांबाभोवतीचे मोमेंट बरोबरीत येतात. त्यावर अडीच किलोची चकती जरी जास्त असली, तरी बार उलटलाच! रिकामं टोक उसळतं ते शेजारी उभ्या असलेल्याच्या तोंडावर. खांब जितके जवळ आणि बार जितका हलका, तितकं हे लवकर घडतं. तेव्हा प्लेट्स काढायच्या त्या एक इकडची, एक तिकडची.

आणि काढायच्या म्हणजे काढायच्याच. आपल्यानंतर येणारा कदाचित आजच पहिल्यांदा आलेला असेल, तुमच्या शंभर किलोंचं त्याने करायचं काय? तालमीत पायताण बाहेर काढून, मातीला हात लावून आत जातात आणि आखाड्याची माती पहिलवान स्वतःच खणतात. ते खणणंही व्यायामातच धरलेलं असतं. आपल्याला मात्र दोन डंबेल्स जागेवर ठेवायला शिपाईमामा लागतात.

दुसरा प्रश्न बेंच अडवण्याचा. एक सेट अर्ध्या मिनिटाचा, मध्ये अडीच मिनिटं विश्रांती, असे पाच सेट धरले तर एकट्याने बेंच पंधराएक मिनिटं अडतो आणि त्यातली प्रत्यक्ष वापरातली मिनिटं फक्त अडीच. त्याच अडीच मिनिटांच्या विश्रांतीत आणखी दोघांचे सेट आरामात होतात, प्लेट्स बदलण्याचा वेळ धरूनसुद्धा. म्हणजे तेवढ्याच वेळात तिघांचा व्यायाम! प्रोसेसरचं टाइम-शेअरिंग परीक्षेत लिहितो, ते इथे का नको? "तुझे किती सेट राहिले? मी मध्ये मध्ये करू का?" एवढं विचारलं की झालं. फक्त सेट चालू असताना नाही, वजन खाली ठेवल्यावर.

घामाचं एका वाक्यात: आपला टॉवेल बेंचवर अंथरा, उठताना बेंच पुसा आणि टॉवेल कोणाला देऊ नका, कारण गजकर्ण अशा वाटेनेसुद्धा पसरतं. रील काढायची तर फ्रेममध्ये मागे कोण आहे ते आधी बघा, विशेषतः मुली व्यायाम करत असतील तेव्हा. न मागितलेला सल्लाही नको. (सहा महिने जिम केलेला माणूस सर्वांत जास्त शिकवतो, हा माझा अनुभव.) मात्र कोणी दुखापत करून घेतोय असं दिसलं, तर गप्प बसू नका.

राहता राहिला स्पॉटर, आणि इथे चेष्टा नको. बेंच प्रेसमध्ये बार छातीवर किंवा मानेवर अडकला, तर माणसाला नीट ओरडताही येत नाही. जड वजन एकट्याने घेऊ नका. मदत मागण्यात कमीपणा कसला? मदत करणाऱ्याने आधी विचारून घ्यावं, किती रेप्स करणार, बार उचलून द्यायचा का. मग डोक्यामागे उभं राहायचं, मोबाईल खिशात. बार हळू का होईना वर जातोय, तोवर हात लावायचा नाही, नाहीतर बिचाऱ्याचा तो रेप फुकट जातो. थांबला किंवा खाली यायला लागला की दोन्ही हातांनी धरायचा आणि दोन्ही टोकं हुकमध्ये बसलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय सोडायचा नाही.